कुदळीला दंडुका, हायवाला सलाम!

ज्या किल्ल्यापुढे अकबरासारख्या बादशहाला महिनोन्‌महिने तळ ठोकून बसावे लागले, ज्याचे दरवाजे १६०१ साली तोफांनी उघडले नाहीत म्हणून अखेर लाचेच्या सोन्याने उघडावे लागले असे सांगितले जाते, ज्याला साऱ्या हिंदुस्थानाने दक्षिणेचे दार म्हणून ओळखले, त्या बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिवेलागण झाली की माणसांची रीघ लागू लागली. ती रीघ देवदर्शनाची नव्हती, लग्नाच्या वरातीची नव्हती, किंवा गडावर येऊन शंकराची पूजा करून जातो अशी ज्याची ख्याती आहे त्या अश्वत्थाम्याला पाहण्याचीही नव्हती. हातांत कुदळी, फावडी, घमेली आणि चाळण्या, कोणाच्या कपाळाला दिवा, कोणाच्या हाती मोबाइलची बत्ती, आणि चार पैसे बाळगणाऱ्यांपाशी धातू हुडकणारी यंत्रे, अशा सरंजामानिशी ही सेना दुसऱ्याच्या शेतात शिरून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत माती उपशीत होती. कशासाठी? मोगलांच्या सोन्यासाठी. आणि हे सोने तेथे आहे असे सांगितले कोणी? सिनेमाने.

१४ फेब्रुवारीला ‘छावा’ पडद्यावर आला. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला आणि विकी कौशल यांनी संभाजी महाराज रंगवलेला हा चित्रपट सुरू होतो न होतो तोच मराठ्यांची झडप बऱ्हाणपुरावर पडते. एरवी ज्याचे नाव केळीच्या भावापुरते किंवा रेल्वेच्या वेळापत्रकापुरते निघते, त्या आमच्या गावाचा उच्चार एवढ्या मोठ्या पडद्यावर आणि एवढ्या मोठ्या आवाजात व्हावा, याचा गावाला हर्ष झाला असेल तर तो क्षम्यच होता. विलक्षण ते पुढेच. मराठे खजिना लुटतात आणि घेऊन जातात, हे ज्यांनी तिकीट काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांनीच बाहेर आल्यावर असा निष्कर्ष काढला की खजिना अद्याप येथेच आहे! राजघाटाच्या पायऱ्यांवर, शाही किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत, चहाच्या पेल्याबरोबर गावातल्या यच्चयावत बातम्यांचा निवाडा करणारे जे पंचमंडळ रोज सायंकाळी भरते, त्यातल्या एका वृद्धाने या प्रकरणाचा निकाल एका वाक्यात लावला: “पिच्चरमधी तं समदं सोनं मराठ्यायनं नेलं, मंग हे काय त्यायनं वापसीच्या भाड्याले ठेवलं व्हतं?” सारा घाट हसला. त्या आठवड्यात देशभर जेवढे काही बोलले आणि छापले गेले, त्यात शहाणपणाचे एवढेच होते.

इतिहासाला साक्षीस बोलवावे, तर तोही खोदणाऱ्यांच्या विरुद्धच बोलतो. जानेवारी १६८१ च्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या फौजा बऱ्हाणपूरच्या वेशीबाहेरच्या बहादुरपुऱ्यावर तुटून पडल्या. सुभेदार खानजहान औरंगाबादेस, शहरात त्याचा नायब काकरखान, आणि पुऱ्यात सराफांच्या नि व्यापाऱ्यांच्या तुडुंब भरलेल्या पेढ्या. मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो की तीन दिवस लूट चालली, आणि कित्येक घरांतून असे पुरलेले धन निघाले की ज्याचा पत्ता खुद्द घरमालकांनाही नव्हता. मग मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेले, आणि शहरातल्या प्रतिष्ठितांनी बादशहाला लिहिले की आमच्या जिवाचे आणि वित्ताचे रक्षण होत नसेल तर शुक्रवारची नमाज बंद पडेल. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. तात्पर्य, येथले गुप्तधन खणून काढण्याचे काम साडेतीनशे वर्षांमागेच जाणत्या हातांनी चोख उरकलेले आहे. तेही बहादुरपुऱ्यात. आमचे वीर खणीत होते ते तेथून सातपुड्याच्या अंगाला वीस-एक किलोमीटरवर! असीरच्या नावाची सोन्याची मोहर नाही असे नव्हे. गड घेतल्यावर अकबराने ती पाडली, तिच्यावर बहिरी ससाणा कोरला, आणि नाणेशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाला ती ठाऊक आहे. ती संग्रहालयांत आहे. हरभऱ्याच्या शेतात नाही.

येथवर हसायला आमची हरकत नाही. परंतु मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या वृत्तवाहिन्यांनी, वातानुकूलित स्टुडिओत बसून, खाली ठळक पट्ट्या फिरवीत, या अर्धपोटी माणसांकडे बोट दाखवून जो विकट हास्याचा गडगडाट केला, तो ऐकून मात्र आमचे माथे भडकले. कोण हसत होते? ज्या वाहिन्यांनी याच असीरगडावर रात्री कॅमेरे लावून, कुजबुजत्या आवाजात, अश्वत्थाम्याचा माग काढण्याचे सोहळे केले, त्या! ज्यांनी वेळोवेळी नागमणी विकला, परग्रहवासी विकले, प्रलयाच्या तारखा विकल्या, त्या! आयुष्यभर ज्यांनी प्रेक्षकाला सांगितले की पडद्यावर दिसते ते खरे, त्यांनी त्या प्रेक्षकाने एकदा ते खरे मानल्याबरोबर टाळ्या पिटाव्यात, यापरता नीचपणा कोणता? चाळणी घेऊन बसलेल्या मजुराला त्या रात्री एक कवडी मिळाली नाही. त्याच दृश्याच्या जोरावर तिकीटबारीवर शेकडो कोटी ओतले गेले. बऱ्हाणपूरचे सोने कोणाला सापडले हे ज्याला कळत नाही, त्याने हिशेबाची वही मिटून ठेवावी.

आता सरकारकडे वळू. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या मुहूर्तावर, मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी हा चित्रपट करमुक्त केला. थोर पुरुषाच्या चरित्राने प्रजा शहाणी व्हावी हा त्यामागचा हेतू आम्ही गृहीत धरतो. पण जे सरकार इतिहास पाहण्याची सवलत देते, त्याने तो समजण्याची सोय किती केली? वा. सी. बेंद्रे या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे दफ्तरखान्यांच्या धुळीत घालवून, बखरकारांनी नि नाटककारांनी संभाजी महाराजांवर थापलेला चिखल एकेका कागदाने धुऊन काढला आणि १९६० साली त्यांचे चरित्र महाराष्ट्राच्या हाती दिले. पुढे १९७१ मध्ये कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून ते काम पुढे नेले. खणणे असे असते. त्या बेंद्र्यांचा ग्रंथ बऱ्हाणपुरातल्या, रावेरातल्या, मुक्ताईनगरातल्या किती वाचनालयांत आहे? ज्या हौसेने तिकिटे स्वस्त झाली, तिच्या शतांश हौसेने तरी तो घरोघर पोचला का? आणि करमणुकीचाच विषय आहे म्हणून सांगतो: आमच्यासारख्याच यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मालेगावच्या पोरांनी उसन्या कॅमेऱ्यावर स्वतःचे सिनेमे कसे काढले, हे सांगणारा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ त्याच महिन्याच्या २८ तारखेला लागला होता. त्याचे नावही आम्ही राजघाटावर ऐकले नाही. हाताने काही घडवणाऱ्यांची गोष्ट कोणाला हवी आहे? आम्हाला आयता हंडा हवा!

इथे सर्वांत गंभीर मुद्दा येतो, आणि तो ऐकताना कोणी हसू नये. असीरगडाच्या शेतांत माणसे खणीत होती त्यानंतर दहा-बारा दिवसांच्या आतच, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून आणि अफवेच्या ठिणगीतून नागपूर पेटले. दगड उडाले, वाहने जळली, पोलीस रक्तबंबाळ झाले, संचारबंदी पुकारावी लागली, आणि जखमी झालेला एक माणूस पुढे रुग्णालयात प्राणाला मुकला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की ‘छावा’ चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा उफाळून आला आहे. म्हणजे एकाच चित्रपटाचे दोन परिणाम एकाच महिन्यात देशाने पाहिले. काहींना त्यातून राग मिळाला, काहींना लोभ; काहींच्या हाती दगड आला, काहींच्या हाती कुदळ. कोणाची जास्त टवाळी झाली? कुदळवाल्याची! दगडावर चर्चासत्रे झडली, त्याच्या दोन्ही अंगांनी प्रवक्ते उभे राहिले, त्याला ‘भावना’ असे भारदस्त नाव मिळाले. आणि ज्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, ज्याने फार तर परक्या शेताची ढेकळे उलथली, तो देशाचा विदूषक ठरला. आम्हाला या दोघांत निवड करायला सांगाल तर आम्ही क्षणाचाही विलंब लावणार नाही. त्या खुळ्याची कुदळ आम्हाला त्या शहाण्यांच्या दगडाहून शतपटीने पवित्र वाटते.

आणि खुळेपणाचेच म्हणाल, तर तो आला कोठून? प्रजेने तो राजाकडूनच घेतला! ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा या गावी, एका साधूला स्वप्न पडले की जुन्या किल्ल्याखाली हजार टन सोने आहे. ते स्वप्न केंद्रातल्या मंत्र्यापर्यंत गेले, भूगर्भवाल्यांनी जमिनीत ‘काहीतरी’ असल्याचा अहवाल दिला, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसे फावडी घेऊन तेथे उतरली. बाहेर भजी आणि जिलब्यांची दुकाने लागली, वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, जत्रा भरली. आणि महिनाभर खणून हाती लागली ती खापरे. त्याच वर्षाच्या २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. एकीकडे विवेकाचा पुरस्कर्ता रस्त्यावर गोळ्या खातो, दुसरीकडे देशाचे पुरातत्त्व खाते स्वप्नाच्या मागे कुदळ घेऊन धावते, आणि बारा वर्षांनी असीरगडचा शेतमजूर तेच करू लागला की त्याला आम्ही अडाणी म्हणतो! साधूच्या स्वप्नावर सरकारने खणले तर ते उत्खनन, सिनेमाच्या दृश्यावर गरिबाने खणले तर तो गुन्हा. हा न्याय आहे?

अजून थांबा. खरी मेख पुढे आहे. त्या वेळच्या बातम्यांतूनच असेही बाहेर आले होते की या साऱ्या अफवेला नुसता सिनेमा कारण नव्हता. इंदूर-इच्छापूर महामार्गाच्या कामासाठी उपसलेली माती एका शेतात आणून टाकली गेली, तिच्यातून मजुरांना जुनी नाणी मिळाल्याची बोलवा उठली, आणि तेलात ठिणगी पडली. या एका वाक्यावर साऱ्या मध्य प्रदेशाने दचकून उठायला हवे होते! फारुकींनी जेथे राज्य केले, मोगलांनी जेथे टांकसाळ चालवली, दक्षिण आणि उत्तर यांच्यामधली जी शतकानुशतकांची राजवाट, तिच्या कुशीतली माती पोकलेनच्या एकेका घासाला उचलली जाते, हायवा डंपरात भरली जाते, जेथे खळगा दिसेल तेथे रिचवली जाते, आणि तिच्यात मोहर होती, मूर्ती होती, शिलालेख होता की नुसता मुरूम होता, हे पाहायला तेथे पुरातत्त्वाचा जाणकार उभा असल्याचे कोणी ऐकले आहे? ज्या यंत्राने एका दुपारी शंभर वर्षांचा थर नाहीसा करता येतो त्याला परवाना, त्याला डिझेल, त्याला उद्घाटनाचा नारळ. आणि त्याच यंत्राने टाकून दिलेली माती जो गरीब चाळणीने चाळतो, त्याच्यामागे शिट्ट्या वाजवीत पोलिसांची गाडी. माती तीच. चोर मात्र चाळणीवाला!

बऱ्हाणपूरकर हो, आता तुमच्याकडे. रागावू नका; रागावलात तरी चालेल. तुम्हाला खजिनाच हवा होता ना? मग १६१५ साली खानखानाच्या सुभेदारीत तबकुतुल अर्ज नावाच्या जाणत्याने सातपुड्याच्या उतारावरचे झिरपते पाणी ओळखून, शंभराहून अधिक कुंड्या खणून, जमिनीखालून बोगद्याने, पंप नाही, वीज नाही, केवळ उताराच्या हिशेबावर, ज्या शहराला पाणी पाजले, तो कुंडी भंडारा तुमच्यापैकी किती जणांनी आत उतरून पाहिला आहे? २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत त्याचे नाव गेले तेव्हा हार-तुरे झाले. पण त्याच्या डोक्यावर जमिनीचा चोथा होईपर्यंत विंधन विहिरी घेणारे कोण आहेत? पलीकडच्या तीरावर, जैनाबादेत, आहुखान्याच्या बागेत १६३१ साली मुमताज महलचे शव सहा महिने विसावले. तेथे आज काय अवस्था आहे ते डोळ्यांनी पाहून या. न झालेल्या ताजमहालाचा अभिमान वाहणारे हे जगातले बहुधा एकमेव शहर असेल! ताज इथेच व्हायचा होता, तापीच्या पाण्यात त्याचे प्रतिबिंब पडले नसते, मातीत वाळवी होती, या कथा पाहुण्यांना सांगताना आमची जीभ थकत नाही; मात्र झालेल्या हम्मामाच्या छताची रंगीत नक्षी उतरत चालली आहे याचे दुःख करायला आम्हाला सवड नाही. नेपानगरचा कागद कारखाना, देशातला वृत्तपत्र-कागदाचा पहिला, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला, २०१६ मध्ये त्याची यंत्रे थांबली आणि पुन्हा फिरायला २०२२ उजाडले. त्या सहा वर्षांत जिल्ह्याचे हे धन कोणी कुदळ घेऊन शोधायला निघाल्याचे स्मरते का?

आणि राजघाट! किल्ल्याच्या पायथ्याची ही सूर्यपुत्रीची पायरी. आषाढ शुद्ध सप्तमीला जिची जयंती आम्ही वाजतगाजत करतो, जिला चुनरी नेसवतो, जिची आरती ओवाळतो, त्याच तापीमाईच्या पात्रात वर्षाचे बाकीचे दिवस शहराचे नाले तोंड उघडून बसलेले असतात. पात्रातल्या त्या दगडी हत्तीच्या पाठीवर पाणी चढले म्हणजे पूर आला असे आमचे पूर्वज ओळखीत. आता पाणी उतरले म्हणजे त्याच्या पायांशी काय काय अडकलेले दिसते ते सांगताना लाज वाटते: निर्माल्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, देवांच्या काचफुटक्या तसबिरी, मूर्तींच्या लोखंडी कांब्या. उन्हाळ्यात त्याच चिखलात गुडघाभर उभी राहून दहा-बारा वर्षांची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून फेकतात, हलकेच ओढतात, आणि भाविकांनी पुण्यासाठी टाकलेले एखाद-दुसऱ्या रुपयाचे नाणे चुंबकाला डसून वर आले की ते चड्डीला पुसून गालात धरतात, कारण खिसा फाटका असतो. शाळेच्या वेळेला! किल्ल्याच्या बुरुजाखाली, जयंतीच्या कमानीखाली, नगराच्या सर्व प्रतिष्ठितांच्या डोळ्यांदेखत बऱ्हाणपूरची रोजची खजिनाशोध मोहीम ही अशी चालते, आणि तिच्यावर सिनेमा निघत नाही, वाहिनीची गाडी येत नाही, पोलिसांची शिट्टी वाजत नाही. आम्हाला त्या पोरांची नव्हे, त्यांच्या डोक्यावरून नाणे भिरकावून हात जोडणाऱ्या आमच्या भक्तीची शिसारी येते.

कायद्याचा धाक घालणाऱ्यांना कायदाच दाखवतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अद्याप जिवंत आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, न कळवील त्याला कैद, असे तो म्हणतो. दहा रुपये! हा कायदा चाळणीवाल्याला लागू असेल, तर तो महामार्गाच्या ठेकेदाराला लागू आहे की नाही? उपसलेल्या मातीतून काय निघाले याची एक तरी लेखी सूचना बऱ्हाणपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल झाली असेल, तर ती प्रसिद्ध करा. नाणी निघाली असतील तर ती कोणत्या राजाची, कोणत्या धातूची आणि आज कोठे आहेत ते सांगा; निघाली नसतील तर तसे गावोगाव दवंडी पिटून सांगा, म्हणजे पुढच्या ऐतिहासिक चित्रपटाच्या दुसऱ्या दिवशी आणखी एखादा डोंगर पोखरला जाणार नाही. महामार्गाचे जे काम उरले असेल त्यावर आजपासून पुरातत्त्वाचा माणूस नेमा. कुंडी भंडाऱ्याच्या परिसरात विंधन विहिरींवर बंदी घाला आणि ती मोडणाऱ्याचे नाव, तो कितीही मोठा असो, फलकावर लावा.

आणि ज्या शेतकऱ्यांच्या शेतात हे सारे घडले त्यांचे काय? पोलीस पोचेपर्यंत खोदणारे पांगले होते. मागे उरले ते खड्डे. ज्याने सिनेमा पाहिला नाही, ज्याला सोने नको होते, ज्याला फक्त आपले रान पेरायचे होते, त्या माणसाच्या बांधावर तलाठी गेला का? पंचनामा झाला का? भरपाईचा एक रुपया मंजूर झाला का? नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी याच आठवड्यात तेथे जावे, आणि जाताना महामार्गाच्या ठेकेदाराची दोन हायवा माती बरोबर न्यावी.